बाना लोम्बे आणि न संपलेली सभा

मुलांच्या मदतीसाठी काढलेल्या आमच्या बुधवार क्लबाची सभा अध्यक्षाने पितळी घंटा वाजवली की सुरू होते, आणि त्यानेच ती पुन्हा वाजवली की संपते. मधेच कोणी उठून गेला तर तो माणूस गेला, सभा गेली नाही. नियमांच्या पुस्तकात तसं लिहिलंय, आणि खाणींच्या आमच्या गावात, लुआंश्यात, आम्ही ते पुस्तक बायबलच्या खालोखाल मानतो. एकदा आमचे तेव्हाचे अध्यक्ष भर सभेत हिवतापाने कोसळले. त्यांना गाडीत घालून इस्पितळात नेलं आणि आम्ही चौदा जण तसेच बसून राहिलो, कारण घंटा वाजली नव्हती. दोन तास आम्ही पुस्तक चाळत होतो. शेवटी चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली बाई कंटाळून म्हणाली, "घंटाच तिकडे न्या की, बा सेक्रेटरी. घंटेला काही ताप आलेला नाही." मग दोघं जण घंटा घेऊन गेले, सलाईन लावलेल्या माणसाचा हात धरून ती वाजवली, नर्सच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा आम्ही घरी गेलो.

त्या बाई म्हणजे बाना लोम्बे. लोम्बेची आई. आमच्याकडे बाईला पोराच्या नावाने हाक मारतात आणि पुरुषाच्या नावाआधी मानाने 'बा' लावतात. त्यांचं स्वतःचं नाव मी एकोणीस वर्षांत विचारलं नाही, आणि मी काही वाईट माणूस समजला जात नाही. खाणीच्या कचेरीत कारकुनी केली, निवृत्त झालो, क्लबाचं इतिवृत्त लिहितो. इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला काय गाळायचं ते चांगलं कळतं. आज जे सांगतोय ते सगळं गाळलेलं आहे.

जकरांडा लॉजवर बानांनी एकोणीस वर्षं आम्हाला दर बुधवारी चहा दिला. शिक्षण सातवीपर्यंत. पण ठराव, दुरुस्ती, अनुमोदन, सूचना किती दिवस आधी द्यायची, हे सगळं त्यांनी भिंतीशी उभं राहून ऐकून ऐकून पाठ केलं. आमच्या नव्या सभासदांची चूक झाली की त्यांच्या कपात त्या साखर घालायच्या नाहीत. त्यांना कळायचं नाही, मला कळायचं.

"एवढं सगळं येतं तुम्हाला, मग सभासद व्हा," मी एकदा गमतीत म्हणालो.

"आणि चहा कोण देणार? तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर कप कुठल्या हाताने धरायचा तेही ठरवायला ठराव लागतो."

त्यांची लोम्बे नववीत होती तेव्हा तिचं पोट दिसायला लागलं. हेडमास्तरांनी हातात चिठ्ठी देऊन तिला घरी पाठवलं. त्या काळी गेलेली पोरगी परत येत नसे. त्या बुधवारी चहा देताना बाना माझ्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसल्या. आमच्याकडे बाई मोठ्या माणसाशी काही मागणं बोलते तेव्हा गुडघे टेकूनच बोलते, त्यात विशेष काही नाही. त्या हळूच म्हणाल्या, "क्लब मुलांसाठीच आहे ना, बा सेक्रेटरी? हेडमास्तर तुमचे सभासद आहेत. एक शब्द टाका." मी म्हणालो, हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. शब्दशः असं म्हणालो. बाना उठल्या आणि पुढच्या माणसाला चहा दिला. लोम्बे आता सरहद्दीवर जुने कपडे विकते आणि वर्षातून एकदा घरी येते. माझी लाज मला अजून पुरते.

पुढे लॉज बंद पडलं. बाना मिकोला टेकडीवरच्या माध्यमिक शाळेत स्वयंपाकीण झाल्या. त्याच शाळेत आम्ही विद्यार्थ्यांचा क्लब काढला. मुलांना पुढारीपण शिकवायचं, त्यांनी लहान मुलांसाठी काम करायचं, वगैरे. आम्ही त्यांना आमच्यासारखीच एक घंटा, एक हातोडा, एक फलक आणि कोटाला लावायचे बिल्ले दिले. त्यांची सभा गुरुवारी असायची, तरी गावाने नाव ठेवलं छोटा बुधवार. प्रत्येक सभेला एक मोठं माणूस सल्लागार म्हणून हजर पाहिजे, हा नियम. गुरुवारी दुपारी एकाही शिक्षकाला वेळ नव्हता. म्हणून कागदावर बाना लोम्बेंचं नाव घातलं. आम्हाला वाटलं, कागद भरला. बानांना वाटलं, आपली नेमणूक झाली.

त्यांनी त्या पोरांना पार धुऊन काढलं. उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर, मधेच बोलणाऱ्याला गप्प, आणि नुसती भाषणं ठोकणाऱ्याला, "बाळा, हे सगळं तू काल कुणासाठी केलंस त्याचं नाव सांग." नाव सांगता आलं नाही की बसायचं. असल्या प्रश्नाला आमच्या क्लबात तरी किती जण उभे राहिले असते, देव जाणे.

कसोंदे कपासा तिथेच उठून दिसली. दहावीत असताना तिला मूल झालं. आता कायदा बदलला होता, परत येता येत होतं, आणि ती परत आली. पण कायदा सरकारचा. घरात बा कपासा होते, वितळभट्टीवरचे मुकादम, मनगटावर भाजल्याचे डाग, तोंडात मोजके शब्द. त्यांनी सांगून टाकलं होतं, "शाळेत जा. पण हे पोर माझ्या घरात दिवसभर कोणी सांभाळणार नाही, आणि शाळेकडून तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द आला की त्या दिवशी दप्तर चुलीत." कसोंदेची आई नव्हती. म्हणून बाळ, त्याचं नाव चोला, रोज बानांच्या स्वयंपाकघरात टोपलीत झोपायचं. मधल्या सुट्टीत कसोंदे येऊन दूध पाजायची आणि तोंड पुसून वर्गात जायची.

तिसरीतल्या मुलांना वाचता येत नाही हे तिनेच शोधलं. वस्तीतल्या प्राथमिक शाळेत जाऊन तिने एकेका मुलापुढे पुस्तक धरलं होतं. छोट्या बुधवारात तिने ठराव मांडला की मोठ्या प्रत्येकाने दोन लहान घ्यायचे, दर शनिवारी झाडाखाली बसवून वाचायला शिकवायचं, आणि बानांनी सगळ्यांना लापशी करून घालायची. सहा महिन्यांत चाळीसेक मुलं वाचायला लागली. नव्या वर्षाच्या निवडणुकीत कसोंदे अध्यक्ष झाली. ते ऐकून बा कपासांनी तिचा गणवेश स्वतः इस्त्री केला, असं तिने बानांना सांगितलं.

मग प्रांतपालांच्या, म्हणजे देशभरातल्या आमच्या क्लबांच्या प्रमुखांच्या, भेटीचं पत्र आलं आणि आमच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं.

अध्यक्ष म्हणजे बा चिलेक्वा. लोखंडी सामानाचे मोठे दुकानदार, शाळेच्या मंडळावरही तेच, चर्चच्या पहिल्या बाकावरही तेच. "प्रांतपालबाई लुसाकाहून येणार," ते मला म्हणाले, "आणि व्यासपीठावर कोण? तर लग्नाआधी बाळंत झालेली पोरगी! फोटो निघतील, बा सेक्रेटरी. लोक म्हणतील, हेच का तुमचे भावी पुढारी? माझ्या भाच्याला बसवू. मुबांगा मॉनिटर आहे, टाय नीट बांधतो. एक चिठ्ठी खरडा."

मी खरडली. 'वैयक्तिक कारणास्तव अध्यक्षपदावरून मुक्त करण्यात येत आहे.' किती सुबक वाक्य! एका पोरीच्या आयुष्यात दगड टाकायचा, आणि वर असं लिहायचं की तिनेच मागितला होता.

गुरुवारी छोट्या बुधवाराची सभा ऐन रंगात असताना बा चिलेक्वा आत गेले, चिठ्ठी वाचली, कसोंदेच्या हातातला हातोडा काढून घेतला, घंटा काखेत मारली आणि तरातरा निघून गेले. मी त्यांच्या मागे. दारात बाना उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं, बा सेक्रेटरी." मी मान खाली घालून चालता झालो.

त्या संध्याकाळी कसोंदे स्वयंपाकघरात रडत बसली. तिची भीती साधी होती. शनिवारी प्रांतपालांच्या भेटीला सगळ्या पालकांना बोलावलं होतं. बाप येणार, मुबांगाला खुर्चीत बघणार, वाकडा शब्द आला म्हणणार, आणि सोमवारी शाळा संपणार. बानांनी तिला रडू दिलं, भांडी घासून झाल्यावर म्हणाल्या, "झालं? आता शनिवारी इस्त्रीचा गणवेश घाल. बिल्ला लाव. पोराला मी घेते."

"कशाला बाना? मी आता कोण आहे?"

"ते मी तुला शनिवारी सांगते. आणि एक ऐक. मी मेले तरी गुडघे टेकायचं सोडणार नाही, माझ्या आईने शिकवलंय. पण सभेच्या खुर्चीतला माणूस कुणापुढे गुडघे टेकत नाही. तिथे चुकलीस तर लापशी बंद."

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला. पुढे क्लबाचे सभासद, मधे मुलं, मागे पालक. बा कपासा अगदी शेवटच्या बाकावर, रात्रपाळी करून सरळ आलेले, मांडीवर हेल्मेट. प्रांतपाल हामूंदेबाई डॉक्टर होत्या, उंच, कमी बोलणाऱ्या. मुबांगाला खुर्चीत बसवलं होतं आणि टायने त्याचा गळा आवळला जात होता. बा चिलेक्वा उठले, घसा खाकरला आणि घंटा वाजवायला हात उचलला.

"थांबा, तात," दारातून आवाज आला.

बाना लोम्बे पाठीवर चितेंगेच्या रंगीत कापडात चोलाला बांधून मधल्या वाटेने चालत आल्या. सगळा हॉल वळून बघायला लागला. व्यासपीठासमोर येऊन त्या दोन्ही गुडघ्यांवर बसल्या, तीन वेळा हळू टाळी वाजवली, थोरांना नमस्कार करतात तशी, आणि मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "मी अडाणी बाई. चुकलं तर पोटात घाला. पण सभा सुरू आहे. सुरू असलेली सभा तुम्ही पुन्हा कशी सुरू करता?"

"कुठली सभा? बाई, चहाची वेळ नंतर आहे," बा चिलेक्वा हसून म्हणाले. दोनचार सभासद हसले.

"गुरुवारची, तात. त्या मुलीने घंटा वाजवून सुरू केली. बंद करायच्या आधी तुम्ही घंटा काखेत घालून गेलात. घंटा वाजली नाही. मग सभा कुठे गेली? मी सल्लागार आहे, कागदावर माझं नाव आहे, तुम्हीच घातलंत. मी तिथेच होते. ती संपलेली मी काही पाहिली नाही."

हसणं थांबलं. इस्पितळात घंटा घेऊन गेलेले दोघंही पहिल्या रांगेत बसले होते, ते एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"आणि सुरू असलेल्या सभेत," बाना मान न उचलता पुढे म्हणाल्या, "अध्यक्षाला काढायचं तर सात दिवसांची सूचना आणि सभासदांचं मत. चिठ्ठीने स्वयंपाकीण काढतात, तात. अध्यक्ष काढत नाहीत."

गुडघ्यांवर बसून एका बाईने आमच्या अध्यक्षांना उभं सोललं, आणि तिला उद्धट म्हणायला कुणाला जागा ठेवली नाही. बा चिलेक्वांच्या मानेची शीर तट्ट फुगली. "ही स्वयंपाकीण आम्हाला नियम शिकवणार?"

प्रांतपालबाईंनी पर्स उघडली, नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि पानं उलटली. हॉलमध्ये चोलाच्या चुटूचुटू अंगठा चोखण्याचा आवाज तेवढा येत होता. "बाईंचं बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "घंटा वाजली होती का, सेक्रेटरी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बा चिलेक्वांनी डोळे वटारले. मी उभा राहिलो. "नाही वाजली," मी म्हणालो. "आणि ती चिठ्ठी मी लिहिली. मुलीने काही मागितलं नव्हतं. वैयक्तिक कारण आमचं होतं."

"मग अध्यक्षांना बोलवा," प्रांतपालबाई म्हणाल्या.

मुबांगा खुर्चीतून इतक्या घाईने उठला की खुर्ची पडली. "मला नकोच होतं, मामा," तो म्हणाला आणि टाय सैल केला.

कसोंदे मधल्या वाटेने आली. समोर गावातली सगळी थोर मंडळी. तिचे गुडघे सवयीने वाकायला लागले, मला स्पष्ट दिसलं. बानांनी जमिनीवरूनच भुवई उडवली. कसोंदे ताठ झाली, खुर्ची उचलून सरळ केली आणि बसली. हात पुढे केला. बा चिलेक्वांनी हातोडा दिला नाही, टेबलावर आपटला. तिने तो उचलला.

"गुरुवारचा विषय अर्धा राहिला," ती म्हणाली. "मला काढायचं की नाही. सूचना सात दिवसांची नाही, पण मला लपायचं नाही. मत आत्ताच घ्या. का काढायचं ते मीच सांगते, म्हणजे कुणाला कुजबुजायला नको. मला मूल आहे. ते बानांच्या पाठीवर आहे. त्याचं नाव चोला."

"हे सगळं इथे बोलायची काही गरज नाही!" बा चिलेक्वा ओरडले.

कसोंदेने हातोडा एकदा वाजवला. "पाहुण्यांनी बसावं. मत फक्त सभासदांना आहे." आणि ते बसले. चाळीस वर्षांत त्यांना कुणी बस म्हटलं नसेल, म्हणून असेल कदाचित, पाय आपोआप वाकले.

"हा क्लब मुलांसाठी आहे," ती म्हणाली. "प्रत्येक सभेत आपण तसं म्हणतो, हात छातीवर ठेवून म्हणतो. चोला पण मूलच आहे. मग मोठ्या क्लबाने एकदा सांगून टाकावं, तुम्हाला नक्की कुठलं मूल चालतं? आम्ही तेवढ्यांनाच वाचायला शिकवू. बाकीच्यांना लापशीच्या रांगेतून काढू. नावं द्या."

आमच्यातल्या एकाने खिशातून रुमाल काढून विनाकारण कपाळ पुसलं. तो नववीतल्या लोम्बेला चिठ्ठी देणारा हेडमास्तर. मलाही घाम फुटला होता, पण मी पुसला नाही.

मत झालं. बत्तीस सभासदांपैकी तिला काढावं म्हणून चार हात वर आले, आणि त्यातला एक अर्ध्यात खाली गेला. मुबांगाचा हात खालीच होता. कसोंदेने निकाल सांगितला, घंटा जवळ ओढली आणि गुरुवारची सभा शनिवारी संपवली. मग लगेच दुसरी सुरू केली, कारण झाडाखाली लहान मुलं पुस्तकं घेऊन केव्हाची बसली होती. मी मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर बा कपासा नव्हते. कधी उठून गेले, कुणी पाहिलं नव्हतं.

मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर बसवलं की तो मागून उठतो. रविवारी बा चिलेक्वांनी मला फोन करून सांगितलं की हा प्रकार इतिवृत्तात येता कामा नये. मी म्हणालो, आलाय, शब्दशः, तुमच्या ओरडण्यासकट. त्यांनी फोन आपटला. आणि मंडळावरचं वजन वापरून सोमवारी सकाळी त्यांनी शाळेत नोटीस लावली. स्वयंपाकघरात कर्मचाऱ्यांखेरीज कोणी, विशेषतः लहान मूल, आढळल्यास कर्मचाऱ्याला काढण्यात येईल. अध्यक्षपद राहिलं, पण बाळाची टोपली गेली. टोपली गेली की कसोंदेची शाळा गेली. माणूस चलाख होता.

कुणकुण लागली म्हणून सकाळी सहालाच शाळेत जाऊन मी ती नोटीस वाचत होतो तेव्हा बाना आल्या. त्यांनीही वाचली. मग आत गेल्या, चुलीवरची लापशी ढवळून पूर्ण केली, मदतनीस बाईच्या हातात पळी दिली, अंगावरचा एप्रन काढून घडी घातला आणि नोटिशीच्या खिळ्याला अडकवला.

"बाना, वेडेपणा करू नका! पोट कशाने भरणार?" मी म्हणालो.

"काढतील म्हणतात. काढायच्या आधीच गेले, तर काढणार कुणाला?" त्यांनी कढई, तेलाचा डबा आणि पिठाची पिशवी उचलली. "शाळेची हद्द फाटकापर्यंत. फाटकाबाहेर मी वितुम्बुवाची गोड भजी तळीन आणि पोर सांभाळीन. येऊ दे त्यांना रस्ता विकत घ्यायला. आणि बघत काय राहिलात, बा सेक्रेटरी? विटा आणा तीन."

मी विटा आणल्या. आयुष्यात पहिल्यांदा ठरावाशिवाय काहीतरी केलं. फाटकाबाहेर चूल पेटली, तेल तापलं, पहिली भजी फुगून वर आली. पोरांचे लोंढे येऊ लागले. पावणेसात झाले, सात झाले. कसोंदे दिसेना. बाना वरून शांत होत्या, पण झारा हातात नुसता फिरत होता. "बाप शनिवारी मधूनच उठून गेला," त्या एकदाच म्हणाल्या. "दप्तर जाळलं असेल का हो?" त्यांना असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

सात वाजून दहा मिनिटांनी बाजाराच्या बाजूने हशा ऐकू आला. टोमॅटोवाल्या बायका उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या, मिनीबसवाले खिडकीतून डोकी काढून ओरडत होते, "ए तात, दूध पण पाजता का?" बाजाराच्या मधोमध बा कपासा चालत होते. डोक्यावर वितळभट्टीचं हेल्मेट, पायात लोखंडी टाचांचे बूट, आणि पाठीवर फुलाफुलांच्या चितेंगेत बांधलेला चोला. आमच्याकडे पुरुष पाठीवर पोर बांधत नाही. मेला तरी बांधत नाही. गाठ चुकीची मारली होती, एक हात मागे धरून ते ती सावरत होते. त्यांच्यापुढे दहा पावलांवर कसोंदे, इस्त्रीचा गणवेश, कोटावर बिल्ला, मान वर.

"हसा!" बा कपासा बाजाराकडे वळून गरजले. "पोटभर हसा! माझा नातू आहे. अध्यक्षाचा मुलगा आहे!"

ते फाटकापाशी आले. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि आत गेली, कारण घंटा झाली होती. बा कपासांनी पाठीवरचं पोर सोडवून बानांसमोर धरलं.

बाना लोम्बेंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं नव्हतं. त्यांनी चोलाला घेतलं, पाठीवर टाकलं, चितेंगेची गाठ घट्ट मारली आणि म्हणाल्या, "गाठ अशी मारायची. आणि सात म्हणजे सात. उद्या दहा मिनिटं उशीर चालणार नाही."